उपकाराची वही

‘द गॉडफादर’ पाहिलेली चार माणसं एकत्र बसली की थोड्याच वेळात प्रसंगांची उजळणी सुरू होते. रेशमी चादरीतलं घोड्याचं मुंडकं, जेवणाच्या टेबलावर झाडलेल्या गोळ्या, टोलनाक्यावर अंगाची चाळण झालेला सनी, इकडे चर्चमध्ये बाप्तिस्मा आणि तिकडे एकामागून एक पडणारे मुडदे. उजळणी संपता संपता कुणीतरी एक मत मांडतं आणि बाकीचे माना डोलावतात. म्हातारा डॉन वेगळाच होता. त्याला तत्त्वं होती. नाडलेल्याला न्याय द्यायचा, अमली पदार्थांना शिवायचा नाही, घरादाराला धरून असायचा. सगळं नासलं ते मायकेलच्या हाती कारभार गेल्यावर.

हे मत गप्पांपुरतं राहिलेलं नाही. लेखांत, व्याख्यानांत, चित्रपट-रसास्वादाच्या वर्गांतही ते थोड्या भारदस्त शब्दांत भेटतं: बाप ही जुनी नीती, मुलगा हा तिचा ऱ्हास, आणि चित्रपट ही त्या ऱ्हासाची शोकांतिका. मुंबईतल्या जुन्या दादांबद्दल आपल्याकडे ज्या सुरात बोललं जातं, त्याच जातीचा हा सूर आहे. मला तो मान्य नाही. ज्या प्रसंगांच्या जिवावर हे मत उभं आहे, तेच प्रसंग त्याच्याविरुद्ध साक्ष देतात, असं मला वाटतं. ती साक्ष इथे क्रमाने काढायची आहे.

पण आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीने मांडला पाहिजे, कारण तो लेचापेचा नाही. १९३१चा ‘लिटल सीझर’ आणि ‘द पब्लिक एनिमी’, १९३२चा ‘स्कारफेस’ या अमेरिकी गुंडपटांनी एक साचा घालून दिला होता. माणूस गुन्ह्याच्या जोरावर वर चढतो आणि शेवटी एकटा, वाईट मरण मरतो. रॉबर्ट वॉरशो या समीक्षकाने १९४८ साली या साच्यावर एक फार गाजलेला निबंध लिहिला. त्याने गुंडाकडे शोकनायक म्हणून पाहिलं, आणि यशस्वी होणं हाच त्या नायकाचा अपराध ठरतो, असं दाखवलं. १९७२ साली फ्रान्सिस फोर्ड कोपोलाने हा साचा मोडला. त्याचा डॉन टोमॅटोच्या वाफ्यांत, नातवाशी खेळता खेळता, संत्र्याची साल दातांत धरून त्याला भिववताना कोसळतो. एखाद्या समाधानी आजोबाला यावं तसं मरण. शिवाय मूळ कादंबरीकार मारिओ पुझो याने स्वतःच लिहून ठेवलंय, की डॉन बोलायला लागला की त्याला आपल्या आईचा आवाज ऐकू यायचा. म्हणजे त्या पात्रातली माया खोटी नाही, ती एका खऱ्या, कष्टाळू स्थलांतरित बाईकडून आलेली आहे. त्यावर मार्लन ब्रँडोचा तो संथ, घोगरा, कधीच न चढणारा आवाज. या माणसावर प्रेम जडलं नाही असा प्रेक्षक मी पाहिलेला नाही. माझंही जडलं होतं.

आता पहिला प्रसंग. पडदा काळा आहे आणि एक माणूस अमेरिकेवरच्या आपल्या विश्वासाबद्दल बोलतोय. मग त्याचा चेहरा दिसतो. अमेरिगो बोनासेरा, अंत्यविधीची कामं करणारा. त्याच्या मुलीवर दोन तरुणांनी जबरदस्तीचा प्रयत्न केला, तिने विरोध केला तर तिला गुरासारखं मारलं. तिचं नाक मोडलं, जबडा तारेने बांधावा लागला. न्यायाधीशाने त्या पोरांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली, ती स्थगितही केली, आणि पोरं त्याच दिवशी मोकळी घरी गेली. बोनासेरा बोलत राहतो आणि कॅमेरा अतिशय सावकाश मागे सरकत राहतो. जवळजवळ तीन मिनिटं. हळूहळू चौकटीत एक पाठ येते, एक खांदा येतो, गालाला टेकलेला एक हात येतो. ज्याच्यापुढे हे गाऱ्हाणं चाललंय, त्याचा चेहरा आपल्याला फिर्याद संपेपर्यंत दिसत नाही. दिसतो तेव्हाही छायाचित्रकार गॉर्डन विलिसने प्रकाश बरोबर डोक्यावरून टाकलाय, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणी अंधारात बुडालेल्या आहेत. निर्मात्या कंपनीत या अंधारावरून कुरबुर झाली होती. मुख्य नटाचे डोळेच दिसत नाहीत म्हणून. पण दाद ऐकणाऱ्याचे डोळे दिसू न देणं हीच त्या प्रसंगाची जान आहे.

प्रचलित मत या प्रसंगाचा अर्थ असा लावतं: कोर्टाने नाकारलेला न्याय डॉनने दिला. पण प्रसंगात घडतं काय? बोनासेरा न्याय मागतो तेव्हा डॉन न्यायाबद्दल फार थोडं बोलतो. मृत्यूची मागणी तो फेटाळतो, मुलगी जिवंत आहे एवढं कारण देतो. बाकी सगळा वेळ तो एका वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलतो. इतक्या वर्षांची ओळख, आपली बायको तुझ्या एकुलत्या एका मुलीची धर्ममाता, आणि तरी शेवटचं कॉफीला कधी बोलावलंस तेही आठवत नाही. तुला माझी मैत्री नको होती, तुला माझा मिंधा व्हायची भीती वाटत होती. बोनासेरा किती पैसे देऊ म्हणून विचारतो, तेव्हा डॉन दुखावला जातो आणि उभा राहतो. पैसे देऊन व्यवहार मिटतो. मिटलेला व्यवहार त्याला नको आहे. शेवटी बोनासेरा वाकतो, हाताचं चुंबन घेतो, ‘गॉडफादर’ हा शब्द उच्चारतो, आणि मगच काम होतं. सोबत अट येते: कधीतरी, कदाचित कधीच नाही, पण मी तुझ्याकडे एक काम मागेन.

मिंधा हा शब्द मी विचार करून वापरतोय. मराठीत ऋणको वेगळा आणि मिंधा वेगळा. ऋणको हप्ते फेडून सुटतो. मिंध्याचं मुद्दल किती ते कधी ठरलेलंच नसतं, व्याज किती ते सावकाराच्या मनात असतं आणि मुदत अशी काही नसतेच. आपल्या गावागावांतून ज्यांनी सावकारी पाहिली आहे, त्यांना हा पहिला प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागू नये. मुलीच्या अंगावरच्या जखमा ऐकून घेण्याआधी, ऐकून घेताना आणि ऐकून घेतल्यावरही डॉनच्या डोक्यात एकच हिशेब चाललाय: हा माणूस इतकी वर्षं माझ्या वहीत का नव्हता?

याच प्रसंगाला लागून एक बारीक तपशील आहे. तो माझ्या दृष्टीने सबंध वादाचा निकाल लावतो, आणि तरीही त्याच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. डॉनच्या मुलीच्या लग्नाचा दिवस आहे. सल्लागार टॉम हेगन डॉनला सांगतो, की सिनेटर स्वतः येऊ शकले नाहीत म्हणून त्यांनी दिलगिरी कळवली आहे, काही न्यायाधीशांनीही कळवली आहे, आणि सगळ्यांनी भेटी पाठवल्या आहेत. न्यायाधीशांनी! ज्या घरात बोनासेरा न्यायाधीशाविरुद्ध गाऱ्हाणं घेऊन उभा आहे, त्याच घरात त्याच दिवशी न्यायाधीशांच्या भेटवस्तू येऊन पडल्या आहेत. पुढे सोलोझो नावाचा अमली पदार्थांचा व्यापारी डॉनकडे येतो, तो याचसाठी. न्यायाधीश आणि पुढारी डॉनच्या खिशात चिल्लरीसारखे खुळखुळतात, हे त्याला ठाऊक आहे. बोनासेराच्या खटल्यातला न्यायाधीश विकला गेला होता असं चित्रपट म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण ज्या शहरात अशी माणसं न्यायाधीश बाळगतात, त्या शहरात नाडलेल्या बापाला कोर्टात काय मिळणार, हा प्रश्न चित्रपटाने त्या एकाच घरात ठेवून दिलेला आहे. न्यायाची विहीर आटलेली आहे म्हणून लोक डॉनकडे पाणी मागायला येतात, हे खरं. ती आटवणाऱ्यांत डॉनही आहे, हेही तितकंच खरं.

विहिरीची उपमा माझी नाही. पाच गुन्हेगारी घराण्यांच्या बैठकीत प्रतिस्पर्धी डॉन बार्झिनी हीच वापरतो. न्यायाधीश आणि पुढारी एकट्या डॉन कॉर्लिओनीच्या ताब्यात असणं बरोबर नाही, त्याने इतरांनाही विहिरीतून पाणी काढू दिलं पाहिजे, आणि त्याबद्दल हवं तर रीतसर बिल लावावं, असं त्याचं म्हणणं.

हे फक्त पडद्यावरचं शहाणपण नव्हे. लिओपोल्दो फ्रांकेत्ती हा तरुण अभ्यासक १८७६ साली सिसिलीत हिंडला. तिथे त्याला दिसलं, की हिंसा हा एक उद्योग होऊन बसला आहे, आणि इतर उद्योगांसारखंच त्यात भांडवल, कसब आणि कामाची वाटणी आहे. एका शतकानंतर, १९९३ साली, दिएगो गाम्बेत्ताने माफियावरच्या आपल्या ग्रंथात हा धागा पुढे नेला: माफिया विकते ती वस्तू म्हणजे संरक्षण, आणि जिथे माणसांचा एकमेकांवर विश्वास नसतो तिथेच या मालाला उठाव असतो. म्हणून असा विक्रेता अविश्वास पुरता मिटू देत नाही. ‘आदराचा माणूस’ हा सिसिलीतला शब्दप्रयोगही याच बाजारातला आहे. बोनासेराच्या प्रसंगात ‘आदर’ हा शब्द इतक्या आग्रहाने का येतो, ते यावरून कळतं.

आता मायकेलच्या पतनाकडे. प्रचलित मताप्रमाणे तो आधी निष्पाप होता. लष्करी गणवेशातला, शिकलेला, घरच्या धंद्यापासून लांब राहिलेला मुलगा. हे दाखवायला लग्नातला त्याचा आणि त्याच्या मैत्रिणीचा, केचा, प्रसंग नेहमी पुढे केला जातो. बाहेर गायक जॉनी फॉन्टेन गातोय, मुली किंचाळताहेत, आणि के विचारते, तुझे वडील याला कसे ओळखतात? मायकेल शांतपणे सांगतो. जॉनी एका बँडमालकाशी कराराने बांधलेला होता. वडिलांनी करार सोडवायला १०,००० डॉलर देऊ केले, मालक नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी वडील आपल्या माणसाला, लुका ब्राझीला, बरोबर घेऊन गेले आणि तासाभरात १,००० डॉलरच्या चेकवर सही झाली. कसं काय? लुकाने पिस्तूल डोक्याला लावलं होतं, आणि वडिलांनी बजावलं होतं की त्या कागदावर एकतर तुझी सही असेल नाहीतर तुझा मेंदू. ही माझ्या घरच्यांची गोष्ट आहे के, माझी नाही, असं तो शेवटी म्हणतो, आणि आपण सगळे त्या वाक्याला धरून बसतो.

त्या वाक्याच्या आधी काय सांगितलं गेलं, ते विसरलं जातं. पिस्तुलाचा तो बेत स्वतः डॉनने, व्हिटोने, बसवलेला आहे, मायकेलच्या पिढीने नव्हे. दहा हजारांची किंमत भीतीने एक हजारावर आणता येते, हे गणित बापाचं आहे. आणि कोपोलाने या प्रसंगाची जागा फार विचाराने निवडली आहे. नाकारता येणार नाही असा प्रस्ताव देण्याबद्दलचं डॉनचं ते जगप्रसिद्ध वाक्य आपण त्याच्या तोंडून ऐकतो ते यानंतर, जॉनी त्याच्यापुढे रडायला लागल्यावर. म्हणजे त्या वाक्याचा अर्थ काय, ते चित्रपटाने आधीच सांगून ठेवलेलं आहे, तेही डॉनच्या मुलाकडून. कॅलिफोर्नियातल्या चित्रपटनिर्मात्याच्या बिछान्यात सहा लाख डॉलरच्या घोड्याचं मुंडकं सापडतं, ते याच वाक्याचं फळ. हा सबंध चित्रपटातला सर्वांत ओंगळ, सर्वांत अकारण क्रूर प्रसंग, आणि तो घडतो सज्जन समजल्या जाणाऱ्या डॉनच्या कारकिर्दीत, त्याच्या मानसपुत्राला एका सिनेमात भूमिका मिळावी म्हणून. मायकेल तेव्हा गणवेश घालून अमेरिकेचा नागरिक म्हणून जगत होता.

मायकेलमध्ये काही बदलतच नाही, असं माझं म्हणणं नाही. ब्राँक्समधल्या त्या इटालियन खाणावळीत तो सोलोझो आणि पोलीस कॅप्टनसमोर बसलेला असतो, तेव्हा पार्श्वसंगीत नाही. ध्वनीचं काम पाहणाऱ्या वॉल्टर मर्चने तिथे उंचावरून जाणाऱ्या रेल्वेच्या चाकांचा किंचाळणारा आवाज घातलाय, आणि तो वाढत जातो तसतसा मायकेल झालेल्या अल पचिनोच्या डोळ्यांत एक माणूस विझत जातो. विझणं खरंच आहे. प्रश्न एवढाच, की तो विझून कशात मिसळतो? एका नव्या, बिघडलेल्या व्यवस्थेत की बापाच्याच जुन्या व्यवस्थेत? स्वच्छतागृहातून बाहेर पडताच गोळ्या झाड, असं डॉनच्या जुन्या साथीदाराने, क्लेमेंझाने, बजावलेलं असतं. तो परत येऊन खुर्चीत बसतो. पिस्तूल टाकून सरळ निघून जायचं, ही तालीम मात्र तो शेवटी पाळतो. त्याच्या हातात आलं ते बापाच्या माणसांनी घोटून घेतलेलं कसब आहे.

अमली पदार्थांचा मुद्दा पूर्वपक्षाचं सर्वांत मोठं शस्त्र. डॉनने सोलोझोला नकार दिला, त्या नकारापायी गोळ्या खाल्ल्या, मुलगा गमावला. एवढी किंमत मोजणारा माणूस तत्त्वाचा नाही तर काय? पण तो नकार शब्दशः ऐकावा. डॉन सांगतो की कोण काय करून पोट भरतो याच्याशी त्याला देणंघेणं नाही, फक्त हा धंदा जरा धोक्याचा आहे. राजकारणातले त्याचे मित्र जुगाराकडे निरुपद्रवी व्यसन म्हणून काणाडोळा करतात, अमली पदार्थांत हात घातला तर ते मित्र राहणार नाहीत. हे सगळं गुंतवणूकदाराचं बोलणं आहे. भांडवल म्हणजे खिशातले न्यायाधीश, आणि ते बुडेल अशा धंद्यात तो ते घालणार नाही. आणि पुढे काय होतं? थोरला मुलगा सनी मारला गेल्यावर, त्या खुनांनंतर सिसिलीत लपलेला मायकेल सुखरूप परत यावा म्हणून डॉन पाच घराण्यांची बैठक बोलावतो, आणि त्या बैठकीत ठरतं की अमली पदार्थांचा व्यापार चालेल, नियंत्रणाखाली चालेल, आणि कॉर्लिओनी त्याला संरक्षण देईल. डॉन ते मान्य करतो. ज्या तत्त्वासाठी त्याची आरती ओवाळली जाते, ते तत्त्व त्याने त्याच चित्रपटात, आपल्या डोळ्यांदेखत, देऊन टाकलेलं आहे. त्याच टेबलावर दुसरा एक डॉन हा माल काळ्या वस्तीतच विकू, असं सुचवतो. त्याला कुणीही अडवत नाही. व्हिटोही नाही.

त्याच बैठकीत तो नातवंडांच्या आत्म्याची शपथ घेतो, की आज झालेली शांतता मोडणारा पहिला माणूस मी नसेन. ही शपथ लक्षात ठेवायला हवी, कारण बाप्तिस्म्याच्या प्रसंगाचा अर्थ तिच्यावर अवलंबून आहे. निवृत्त झाल्यावर बागेत बाप-लेक बोलत बसतात. हा प्रसंग पुझोच्या कादंबरीतून आलेला नाही, पटकथाकार रॉबर्ट टाउनने तो ऐनवेळी लिहून दिला, आणि ऑस्कर स्वीकारताना कोपोलाने त्याचे जाहीर आभार मानले. म्हातारा डॉन वाइन पितो, नातवाबद्दल विचारतो, आणि मध्येच तीच ती सूचना पुन्हा देतो: बार्झिनी पहिला घाव घालेल, तुझ्या पूर्ण विश्वासातला एक माणूस भेट ठरवेल, त्या भेटीत तुझा खून होईल. मग तो म्हणतो की तुझ्यासाठी मला हे नको होतं. प्रेक्षकांना गहिवरून येतं, आणि या वाक्यात पश्चात्ताप ऐकू आल्यासारखा वाटतो. पण तो लगेच सांगतो की आयुष्यभर जे केलं त्याबद्दल त्याला माफी मागायची नाही. बड्या लोकांच्या दोऱ्यांवर नाचायला नकार दिला, इतकंच. तुझ्या वेळी दोऱ्या तुझ्या हातात असतील असं वाटलं होतं, सिनेटर कॉर्लिओनी, गव्हर्नर कॉर्लिओनी. नील फुजिता या चित्रकाराने पुझोच्या पुस्तकासाठी कळसूत्री बाहुल्यांच्या दोऱ्या धरलेला हात काढला होता, आणि चित्रपटानेही ते चिन्ह घेतलं. बागेतल्या त्या वाक्यात तो हात बोलतोय. खंत दोऱ्यांची नाही, दोऱ्या अजून पुरेशा उंच पोचल्या नाहीत याची आहे.

म्हातारा मरतो. अंत्यविधीत जुना विश्वासू टेसिओ भेटीचा निरोप घेऊन येतो, आणि बापाने सांगून ठेवल्यामुळे मायकेलला फितूर कोण ते कळतं. मग चर्च. धर्मगुरू विचारतो, सैतानाचा त्याग करतोस का, मायकेल हो म्हणतो, ऑर्गनचा सूर चढत जातो आणि ठिकठिकाणी माणसं मारली जातात. समीक्षकांनी या संकलनाचं जे कौतुक केलं ते योग्यच आहे. पण बापाने न केलेलं पाप मुलगा इथे करतोय, असा त्याचा अर्थ लावला जातो, तो मला पटत नाही. बापाने शपथ घेतली होती की शांतता तो मोडणार नाही. त्याने मोडली नाही. ती मोडली गेली तेव्हा तो जमिनीखाली होता, आणि शत्रूची चाल मात्र तो जाण्यापूर्वी मुलाच्या कानात सांगून गेला होता. शपथेचं अक्षर पाळून तिचा जीव घेण्याची ही रीत जुनीच आहे.

कुणाला हे ओढूनताणून वाटत असेल तर त्यांनी १९७४ सालचा दुसरा भाग पाहावा. तिथे तरुण व्हिटो आहे, न्यूयॉर्कच्या इटालियन वस्तीतला. रस्त्यावर संताची मिरवणूक चाललीय, मूर्तीला नोटा टोचल्या जाताहेत, फटाके उडताहेत. व्हिटो गच्च्यांवरून चालत जातो, टॉवेलात पिस्तूल गुंडाळतो आणि वस्तीतल्या खंडणीखोर फानुचीला त्याच्या दारात मारतो. पिस्तुलाचे तुकडे करून टाकून देतो. मग खाली येऊन घराच्या पायरीवर बायकामुलांत बसतो, तान्ह्या मायकेलला मांडीवर घेतो आणि त्याच्या कानाशी सांगतो की बापाचं त्याच्यावर फार प्रेम आहे. धर्मविधी आणि खून एकाच श्वासात, आणि शेवटी मांडीवर मूल. बाप्तिस्म्याच्या प्रसंगाचं सबंध व्याकरण इथे आहे. कोपोलाने ते मुलासाठी घडवलं आणि दोन वर्षांनी बापाला परत दिलं. मायकेलने वारसा मोडला असता तर हे दोन प्रसंग एकमेकांसारखे दिसले नसते.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. परक्या देशात भाषा येत नसलेल्या, पोलिसांना आणि घरमालकांना घाबरून असलेल्या गरीब माणसांना दुसरं कोण होतं? दुसऱ्या भागात एका विधवेला घरमालक बाहेर काढतो, आणि व्हिटो शब्द टाकतो म्हणून तिचं घर वाचतं. त्या बाईच्या बाजूने पाहिलं तर सगळं तत्त्वज्ञान फोल आहे, तिला छप्पर मिळालं. हे मी नाकारत नाही. पण त्या प्रसंगात घरमालक परत येतो तेव्हा त्याचा चेहरा पाहावा. तो दरम्यान चौकशी करून आलाय, व्हिटो कोण ते त्याला कळलंय. भाडं वाढवायचं सोडून तो कमी करत जातो, हात थरथरताहेत, दार उघडत नाही म्हणून घाबरतो. प्रेक्षक तिथे हसतात. त्या विधवेचं घर ज्या गोष्टीने वाचलं तीच गोष्ट उद्या तिच्याविरुद्ध वळली तर तिने कुणाकडे जायचं, याचं उत्तर त्या गल्लीत कुणाकडेच नाही.

आपल्या मुंबईच्या ‘सरकार’मध्ये, २००५ साली, राम गोपाल वर्माने या चित्रपटाचं ऋण उघडपणे मान्य केलं. तिथेही सुरुवातीला एक बाप मुलीवरच्या अत्याचाराची दाद मागायला येतो आणि ‘सरकार’ म्हणवणाऱ्या नायकाची माणसं गुन्हेगाराला अद्दल घडवतात. फिर्याद घेतली, शिक्षा घेतली, मधला तो मैत्रीचा आणि मिंधेपणाचा लांबलचक सौदा मात्र हलका झाला. ‘गॉडफादर’बद्दलच्या प्रचलित मताचं इतकं स्वच्छ चित्र दुसरं नसेल. सौदा काढून घेतला की उरतो तो न्याय देणारा हात, आणि त्या हाताला लोक नमस्कार करणारच.

बोनासेराकडची वसुली पुढे होते ती अशी: मध्यरात्री, त्याच्या अंत्यविधीगृहाच्या तळघरात, गोळ्यांनी चिंध्या झालेला सनी आणून ठेवलेला आहे. डॉन म्हणतो, तुझं सगळं कसब वापर, त्याच्या आईला तो असा दिसता कामा नये. इतकं छोटं, इतकं माणुसकीचं काम मागितलं, म्हणून डॉनच्या मोठेपणाचा हा पुरावा मानतात. पुझोच्या कादंबरीत बोनासेरा त्या फोनपासून भेटीपर्यंत भीतीने अर्धमेला झालेला असतो, आपल्याला कुठल्या खुनात गोवणार म्हणून. चित्रपटात त्या भीतीला फक्त चेहरा आहे, आणि तो पुरेसा आहे. आपण काय मागणार हे डॉनला माहीत होतं. बोनासेराला माहीत नव्हतं, आणि तो आला.

आणखी एक माणूस असाच आला होता. पाववाला एन्झो. लग्नाच्या दिवशी त्याच्या होणाऱ्या सासऱ्याने डॉनकडे शब्द टाकला होता, की पोराला अमेरिकेत राहू द्या, माझ्या मुलीशी त्याचं लग्न आहे. डॉनने एका खासदाराकडून ते काम होईल अशी तजवीज केली. पुढे डॉन गोळ्या लागून इस्पितळात पडलेला असतो, पहारेकरी हटवलेले असतात, रिकाम्या मार्गिकांतून फक्त मायकेलची पावलं वाजत असतात, आणि एन्झो हातात फुलं घेऊन भेटायला येतो. त्याला काहीच माहीत नाही. मायकेल त्याला सांगतो की निघून जा, गडबड होणार आहे. तो जात नाही. तुमच्या वडिलांसाठी थांबतो, म्हणतो. मग दोघे इस्पितळाच्या पायऱ्यांवर उभे राहतात, मायकेल त्याची फुलं फेकून देतो, कोटाची कॉलर वर करतो, खिशात पिस्तूल असल्यासारखा हात ठेवायला सांगतो. मारेकऱ्यांची गाडी येते, क्षणभर थांबते, दोन पहारेकरी पाहून निघून जाते. एन्झो सिगारेट काढतो, पण लायटर त्याच्याकडून पेटत नाही, हात इतका कापतोय. मायकेल लायटर घेतो, एका झटक्यात पेटवतो आणि स्वतःच्या हाताकडे पाहतो. हात स्थिर आहे.

या प्रसंगावर जे काही लिहिलं गेलंय ते त्या स्थिर हाताबद्दल आहे. मायकेलला आपण काय आहोत ते इथे कळतं, असं सगळे म्हणतात, आणि ते बरोबर आहे. पण त्याच चौकटीत दुसराही हात आहे. पाव भाजणाऱ्या, लग्नाला उतावीळ झालेल्या माणसाचा हात, जो एका परवान्याच्या बदल्यात, कुणी न मागता, मरायला उभा राहिला होता आणि आता एक सिगारेटही पेटवू शकत नव्हता.